हाताची वहिवाट

बार्शीटाकळीच्या तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्या एका दुकानात मी नंबर लावून बसलो होतो. माझ्या पुढे एक शेतकरी होते. त्यांच्या वावराकडे जाणारी पांधन शेजाऱ्यानं नांगरून टाकली होती आणि रस्ता मोकळा करून मिळावा म्हणून त्यांना अर्ज द्यायचा होता. दुकानातल्या पोराची बोटं एरवी झरझर चालतात. त्या दिवशी मात्र संगणक नवा होता. पोरगा माउस सवयीनं खाली डाव्या कोपऱ्यात नेई, तिथे टिचकी मारी आणि पडद्यावर हवामान उघडे. बाहेरचं ऊन पुरेसं होतं. ते पडद्यावर वाचायची हौस तिघांपैकी कुणालाच नव्हती.

"काय झालं बावा?" शेतकऱ्यांनी विचारलं.

"काही नाही काका. बटन इथं होतं, आता मधात नेऊन ठेवलं."

"म्हंजे तुही बी पांधन मोडली म्हन ना!"

पोरगा हसला. "नाही जी, माहाच हात चुकते."

अर्ज झाला, दोघंही आपापल्या कामाला लागले. मला मात्र त्या दोन बोलण्यांतला फरक काही सुचू देईना. वाट मोडली तेव्हा शेतकऱ्यानं दोष शेजाऱ्याला दिला आणि तहसीलीत आला. वाट मोडली तेव्हा पोरानं दोष स्वतःच्या हाताला दिला आणि गप्प बसला. संगणकाच्या पडद्याची मांडणी बदलते तेव्हा आपण सगळेच त्या पोरासारखे वागतो. 'आता वय झालं', 'आपल्याला हे जमायचं नाही', 'पोरांना विचारावं लागेल' अशी वाक्यं बँकेत, शाळेत, घरात सर्रास ऐकू येतात. ज्याचं काहीतरी हिरावलं गेलं, तोच स्वतःला अडाणी म्हणवून घेतो.

हिरावलं काय जातं, हे नीट पाहिलं पाहिजे. एखादं बटन कुठे आहे याची माहिती आपण फार थोडा काळ डोक्यात ठेवतो. रोज वापरून वापरून ती हातात उतरते. स्वयंपाकघरात अंधारातही आगपेटीकडे हात जातो, तसा. हात तिथे पोचला की डोकं कामाला मोकळं राहतं. अर्ज टाइप करणारा मजकुराचा विचार करू शकतो तो यामुळेच. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली याचा एक साधा हिशेब मांडला: हाताला एखाद्या जागी पोचायला किती वेळ लागतो, हे ती जागा किती दूर आणि किती मोठी यावर ठरतं. पडद्याचा कोपरा या हिशेबात नेहमी जिंकतो. माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्यातच अडतो, म्हणून तिथे न बघताही पोचता येतं. विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटन खालच्या पट्टीच्या मध्यभागी आलं. तिथे नेम धरावा लागतो. शिवाय पट्टीवरची चित्रं मध्यभागी जुळवलेली असल्यानं जसजशी कामं उघडत जावीत तसतसं बटन डावीकडे सरकतं. मैलाचा दगड हलवणं एक वेळ समजू. इथे त्या दगडाला चाकं लावली आहेत.

आमच्याकडे तहसीलीत सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या शब्दांपैकी एक म्हणजे वहिवाट. जमीन एकाच्या नावावर असते, पण तिच्यावरून जाण्याचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो, कारण तो आणि त्याचे बैल वर्षानुवर्षं तिथूनच गेले आहेत. अशी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात तर मुदतही सांगितली आहे. वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्कानं आणि अखंड वापर झाला की वाटेचा हक्क पक्का होतो. मध्येच कुणी अडवलं तर? ते अडवणं तुम्ही वर्षभर मुकाट सहन केलं, तरच वापर खंडित झाला असं कायदा मानतो.

हा कायदा पडद्याला लागू होत नाही हे उघड आहे. पण गंमत म्हणून हिशेब करून पाहू. स्टार्टचं बटन खालच्या डाव्या कोपऱ्यात आलं ते विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढची सतरा वर्षं जगानं तिथूनच ये-जा केली. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि बटन गायब झालं. त्याजागी रंगीत फरश्यांचा पडदा आला. लोकांनी इतका आरडाओरडा केला की १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ मध्ये बटन परत द्यावं लागलं. अडवणूक वर्षाला नऊ दिवस कमी टिकली आणि ती मुकाट सहन केली असं तर कुणीच म्हणणार नाही. बटन दाबल्यावर अजून फरश्याच उघडत होत्या, आणि ओळखीची यादी त्याच्यामागे परतली ती थेट २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० मध्ये, ही गोष्ट निराळी. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ नं बटन मध्यभागी नेलं तेव्हा वापराला सव्वीस वर्षं झाली होती. तहसीलीसमोरचा कुठलाही वकील ही केस आनंदानं घेईल.

शेत मायक्रोसॉफ्टचं आहे, यात वाद नाही. विकत घेतो म्हणतो तेव्हाही आपण फक्त वापरण्याचा परवाना घेत असतो. पण त्या शेतातून गेलेली वाट कुणी पाडली? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो लोकांनी पाडली. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागायचं. पन्नाशीला आलेले शिक्षक आणि लिपिक वहीत बाण काढून लिहून घेत: स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग अ‍ॅक्सेसरीज. हे शिक्षण त्यांच्या पैशानं, त्यांच्या वेळेतून, त्यांच्या भीतीवर मात करून झालं. कंपनीच्या हिशेबात त्याची नोंद नसेल, पण तिचा माल महाराष्ट्रात चालला तो या वह्यांच्या जिवावर.

याचा अर्थ काहीच बदलू नये असा होत नाही. बार्शीटाकळीचं रेल्वे स्टेशन अकोला ते पूर्णा मार्गावर आहे. पूर्वी तिथून मीटरगेज गाडी जायची. रुळांमधलं अंतर एक मीटर. मग मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ते अंतर १६७६ मिलिमीटर झालं. रूळ, पूल, इंजिनं, सगळं बदललं. त्या बदलापायी प्रवाशाला मात्र नव्यानं काही शिकावं लागलं नाही. तिकीट घ्यायचं, फलाटावर उभं राहायचं, दारातून चढायचं. खालचं सगळं उखडलं, तरी प्रवाशाची रीत शाबूत राहिली.

संगणकातही रूळ वेगळे आणि दार वेगळं. विषाणूंपासून बचाव, नव्या यंत्रांशी जुळवणं, आतली बांधणी हे रूळ. ते बदललेच पाहिजेत. आज मात्र दोन्ही एका गाठोड्यात बांधून मिळतं. विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत ठेवली, तीही नोंदणी करणाऱ्यालाच. सुरक्षित राहायचं तर नवी मांडणीही घ्यायची. त्यातही विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे दहा वर्षं नेटानं चाललेला, आजही अर्ज टाइप करून देणारा संगणक बिघाड नसताना बाद. मोठ्या कंपनीत याला खरेदीचं वर्ष म्हणतात. तालुक्याच्या गावी एका टेबलावर चालणाऱ्या दुकानात त्याला हप्ता म्हणतात.

देशभराची सवय एकदम बदलायची वेळ आपल्यावर पूर्वीही आली होती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे, म्हणजे बारीक हिशेबात कटकट होतीच. पण रुपया जागचा हलला नाही. आठ आण्यांचे बरोबर पन्नास पैसे, चार आण्यांचे बरोबर पंचवीस. बाजारात माणूस ज्या खुणांवर चालतो त्या खुणा तशाच राहिल्या; बदल झाला तो त्यांच्या मधल्या जागेत. जुनी नाणी नव्यांच्या बरोबरीनं काही वर्षं चालू दिली. नाण्यांच्या नावातला 'नया' गेला तो १ जून १९६४ ला, लोकांना सवय झाल्यावर. आणि जिभेवर तर चाराणे-आठाणे त्यानंतरही राहिले; पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं तोवर त्याला कुणी 'पंचवीस पैसे' म्हटल्याचं मला आठवत नाही. जमिनीचं तर अजून चालू आहे. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर लिहिलेलं असतं आणि वावराचा धनी 'दोन एकर' म्हणतो. दोघांचं जमतं, कारण मध्ये भाषांतर करायला कुणीतरी आहे आणि एकर म्हटल्याबद्दल कुणी त्याला अडाणी ठरवत नाही.

खुद्द संगणकातही असा शहाणपणा दिसला आहे. आमच्याकडे टायपिंग क्लासातून तयार झालेली बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीची. संगणक आले तेव्हा कृतिदेवसारख्या फाँटनी तीच मांडणी ठेवली: 'काम' लिहायला डी, के, ई. देशभरासाठी प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट मांडणी निराळी, तिच्यात त्याच शब्दाला के, ई, सी. दोन कळा त्याच आहेत, पण के म्हणजे तिथे काना होता, इथे क. ई म्हणजे तिथे म होता, इथे काना. इनस्क्रिप्ट तर्कशुद्ध आहे, स्वर एका हाताला, बहुतेक व्यंजनं दुसऱ्या. नवशिक्यानं तीच शिकावी. पण रेमिंग्टनवर वीस वर्षं घालवलेल्या माणसाला ती लादणं म्हणजे त्याच्या दहाही बोटांना पुन्हा पहिलीत बसवणं. म्हणून संगणकात अक्षरं साठवायची युनिकोड ही प्रमाण पद्धत आली तेव्हा समंजस मंडळींनी असं सॉफ्टवेअर दिलं की आत युनिकोडच उमटेल, पण बोटं रेमिंग्टनवर चालतील. रूळ नवे, दार जुनं. ज्यांना ते मिळालं ते युनिकोडवर विनातक्रार आले.

नव्या मांडणीच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. आज पहिल्यांदा संगणकापुढे बसणारी मुलगी मोबाइलवरून आलेली असते. तिला डावा कोपरा माहीत नाही आणि मधलं बटन तिला खटकत नाही. १९९५ साली स्टार्ट हेसुद्धा कुणाची तरी वाट मोडूनच आलं होतं. संगणक बंद करायला 'सुरू' का दाबायचं, यावर तेव्हा विनोद होत. विंडोज ११ मध्ये बटन परत डावीकडे नेता येतं, हेही खरं. पण ही सोय सेटिंग्जमध्ये आत जाऊन शोधावी लागते. वाट मोडणाऱ्यानं नवी वाट दाखवायची, की ज्याची मोडली त्यानं काट्याकुट्यांतून शोधायची? उजवी टिचकी मारल्यावर दिसणाऱ्या यादीत कट, कॉपी, पेस्ट हे शब्द काढून नुसती चित्रं ठेवली होती. २०२४ च्या आवृत्तीत चित्रांखाली शब्द परत आले. शब्द काढणं ही सुधारणा असती, तर तीन वर्षांत ते परत आणावे लागले नसते. पट्टी पडद्याच्या कडेला उभी करून वापरणाऱ्यांची वाट तर विंडोज ११ येताना पुरती बंदच झाली होती.

म्हणून गाऱ्हाणं मांडायची रीत आपण शेतीकडून घ्यावी असं मला वाटतं. वहिवाटीच्या अर्जात तीन गोष्टी लिहाव्याच लागतात: रस्ता कधीपासून वापरता, कुणी अडवला, कधी अडवला. 'मला जमत नाही' असा रकाना त्यात नाही. एकेकट्या माणसाचं कंपनी ऐकणार नाही, पण सरकार हे मोठं गिऱ्हाईक आहे. शाळा, तहसीली, जिल्हा परिषदा, आरोग्य केंद्रं यांच्यासाठी घाऊक खरेदी होते. त्या निविदेत यंत्राच्या वेगाबरोबर दोन अटी घालता येतील: सुरक्षेची दुरुस्ती आणि मांडणीतला बदल वेगवेगळे मिळावेत, आणि मांडणी बदललीच तर जुनी मांडणी ठरावीक वर्षं, एका टिचकीवर, मराठीतल्या सूचनेसह उपलब्ध असावी. जुन्या आण्यांना मुदत मिळाली होती. जुन्या हातांना ती मिळायला काय हरकत आहे?

चार-पाच दिवसांनी उतारा न्यायला पुन्हा त्या दुकानात गेलो. पोराचा माउस आता कोपऱ्यात जात नव्हता. कीबोर्डच्या खालच्या ओळीत, अल्टच्या डाव्या बाजूला खिडकीचं चिन्ह असलेली कळ आहे. ती दाबली की बटन कुठेही असो, यादी उघडते. ती कळ इतकी वर्षं तिथेच होती, हलली नव्हती. त्यानं ती कुणाला न विचारता शोधली होती आणि आता तो तिकडे बघतही नव्हता. "जमलं ना?" मी विचारलं. "हाव ना," तो म्हणाला, "आडवाट सापडली." मग जरा थांबून, टाइप करता करताच, "पन ते बटन त्याईनं हालवाले नाही पाह्यजे होतं."

पहिल्यांदाच त्यानं दोष हाताला दिला नव्हता.