जात्याचा खुंटा कोण धरणार?

देव म्हणजे आई, हा दृष्टान्त मी चाळीस वर्षे कीर्तनात दिला. लेकराच्या हाकेला धावणारी, कधी न थकणारी, न कंटाळणारी आई. दृष्टान्त देवासाठी होता. पण समोर बसलेल्या लेकीसुनांनी तो आपल्यालाच लावून घेतला असेल, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक सासूबाई सुनेला पाया पडायला घेऊन आल्या. बाळंत होऊन दोन महिने झाले होते. बाळ सासूच्या कडेवर, सून खाली मान घालून उभी. “महाराज, हिला झोप नाही, सारखी रडते, लेकराला जवळ घेईना.” मी पटकन बोलून गेलो, “अगं, देवाने ओटी भरली आणि तू रडतेस? नाम घे.” तिने नुसती मान हलवली. पुढे तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंच्या औषधाने ती सावरली. मी मात्र तिच्या दुःखावर पापाचे ओझे ठेवले होते.

तिचे रडणे हा दोष होता काय? बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणे बऱ्याच जणींना होते. दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढे टिकते ती उदासी हा आजार आहे. गरोदरपणी वाढलेले हार्मोन प्रसूतीनंतर एकदम उतरतात, झोप मोडते, अंगात रक्त नसते. पूर्वी मनाचा आजार झालेला असला तर धोका अधिक. आणि काही कारणे घरातच असतात. गोव्यातील बाळंतिणींची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास २३ टक्के मातांना ही उदासी आढळली. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही त्यामागची कारणे दिसली. म्हणजे मुलगी झाली म्हणून आपण तोंड पाडतो, त्याचा घाव बाळंतिणीला बसतो.

येथे कोणी शंका घेईल, नामाने मन शांत होत नाही काय? होते. पण ताप आलेल्याला आपण नामही सांगतो आणि औषधही देतो. शिवाय जनाबाईची कथा आठवावी. दळता दळता ती थकली, तेव्हा देव उपदेश करीत बसला नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला. सखूबाई पंढरीला गेली, तेव्हा तिच्या जागी तो सासुरवास सोसत राबला.

तेव्हा बाळंतिणीच्या घरच्यांनी खुंटा धरावा. रात्री बाळ आपल्याकडे घ्यावे, तिला सलग चार तास झोपू द्यावे. बाळाची चौकशी करताना तिचीही करावी. घरी येणाऱ्या आशाताईंना तिची अवस्था सांगावी. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या आजाराबद्दल मोफत बोलता येते. जीव नकोसा झाला असे ती म्हणाली, किंवा बाळाविषयी भलते बोलू लागली, तर क्षणभरही एकटी ठेवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

देव आई आहे, हे मी आजही सांगतो. पुढे एक वाक्य जोडतो : घरातली आई मात्र माणूस आहे, ती थकते. तिला हात देणे हीही त्या माउलीचीच सेवा.

रामकृष्णहरी.