एकाच लायब्ररीची दुसरी प्रत

2006 च्या आसपास झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरवायझरवर 32-बिट लिनक्स चालवणाऱ्यांना एक इशारा पाठ झालेला असायचा. व्हर्च्युअल मशीन सुरू होताना कर्नल मध्येच थांबे, आताची जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) इथे संथ चालेल असं बजावे, पाचपासून एकपर्यंत उलटे आकडे मोजे आणि मग पुढे सरके. उपायही तिथेच छापलेला: 'टीएलएस' नावाच्या डिरेक्टरीचं नाव बदला, म्हणजे सिस्टिमला जीलिबसीची ही प्रत सापडणार नाही.

भानगड अशी होती. 32-बिटमध्ये झेनचा हायपरवायझर पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाला बसायचा आणि पाहुण्या सिस्टिमने तिथे हात घालू नये म्हणून सेगमेंटची मर्यादा कमी करून ठेवायचा. जीलिबसी मात्र प्रत्येक थ्रेडची खासगी माहिती (म्हणजेच टीएलएस) सेगमेंटच्या सुरुवातीपासून उणे अंतरावर शोधते. 32 बिटांत उणे आकडा म्हणजे चार जीबीच्या टोकाजवळचा पत्ता, अर्थात मर्यादेबाहेर. मग फॉल्ट, आणि झेनने मध्ये पडून तो निस्तरायचा. तसं पाहिलं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर.

नाव बदलण्याचा उपाय चाले, पण लायब्ररीचं अपडेट आलं की डिरेक्टरी पुन्हा हजर! शिवाय हे प्रत्येक मशीनवर कुणीतरी लक्षात ठेवून करायचं. ज्ञान माणसाच्या डोक्यात, नाहीतर कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये अडकलेलं.

डेबियन या लिनक्स वितरणाने त्या ज्ञानाचं पॅकेज केलं, 'लिबसी6-झेन'. सोर्स तोच, फक्त थेट सेगमेंटवाटे माहिती न वाचण्याचा पर्याय कंपायलरला देऊन बनवलेलं. ही प्रत 'नोसेगनेग' नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत राही आणि झेनखाली असल्याचं कर्नलने कळवलं की डायनॅमिक लिंकर ती उचले. एरवी नेहमीची प्रत. ॲडमिनला विचार करावा लागत नसे.

हे फुकट नव्हतं. जीलिबसीत सुरक्षेची दुरुस्ती आली की ही प्रतही नव्याने बांधायची, तपासायची. एका हायपरवायझरसाठी एवढा व्याप कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही मला डेबियनचं पटतं. काही मोजक्या मेंटेनरांनी एकदा घेतलेला त्रास हजारो ॲडमिननी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या त्रासापेक्षा कधीही स्वस्त. आणि पॅकेजला मालक असतो, त्यामुळे गरज संपली की ते काढताही येतं.

तसंच झालं. 64-बिटमध्ये सेगमेंटच्या मर्यादा तपासल्याच जात नाहीत, तिथे हा प्रश्न उरला नाही. 2020 मध्ये लिनक्स 5.9 ने 32-बिट झेन पॅराव्हर्च्युअल पाहुण्यांचा आधार काढला. डेबियननेही ते पॅकेज बंद केलं. तुमच्या जुन्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'टीएलएस' डिरेक्टरीचं नाव बदलणारी ओळ अजून असेल, तर ती मात्र तुम्हालाच काढावी लागेल.