शत्रूशी मैत्री कशी करावी?



त्रिसरण-पंचशील घेऊन घरी परतलेल्या कुटुंबात एक प्रश्न लवकरच उभा राहतो, आणि तो बहुधा घरातली तरुण पोरे विचारतात. भन्तेजींनी सर्व प्राणिमात्रांवर मैत्री करा असे सांगितले, ठीक आहे. पण ज्याने आमच्या आज्याला अंगणाबाहेर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतले, ज्याचा मुलगा आजही आमच्या घरचा चहा टाळण्यासाठी सबब शोधतो, त्याच्यावरही मैत्री? मग झालेल्या अन्यायाचे काय?

डहाणू तालुक्यातील चिखल्यासारख्या गावात हा प्रश्न अधिकच टोचतो. शहरात माणूस चाळ बदलतो. येथे ज्याच्याशी वाकडे, त्याचीच चिकूची वाडी शेजारी, त्याच्याच बांधावरून वाट, आणि बाजारात गाठ त्याच्याशीच. म्हणून वडीलधाऱ्यांनी "जाऊ दे, विसर" असे म्हणून पोराला गप्प करू नये. गप्प केलेला पोरगा एक तर धम्माला नेभळट समजू लागतो, नाही तर मनात वैर धरून बसतो.

तथागतांच्या काळातील भारद्वाज ब्राह्मणाची गोष्ट तुम्ही विहारात ऐकली असेल. तो संतापाने आला आणि शिव्यांची लाखोली वाहून मोकळा झाला. तथागतांनी त्याला शांतपणे विचारले की, पाहुण्यांपुढे वाढलेले अन्न त्यांनी घेतलेच नाही तर ते कोणाकडे राहते? यजमानाकडेच, हे त्याला कबूल करावे लागले. मग शिव्यांचेही तेच. या गोष्टीवर प्रवचन करताना तथागतांनी उलट शिवी दिली नाही, एवढेच सांगितले जाते. त्यांनी ती शिवी घेतलीही नाही, हे सांगायचे राहून जाते. आमच्या आज्या-पणज्यांना अपमान घ्यायला शिकविले होते. त्या घेण्याला सहनशीलता असे गोंडस नाव होते. मैत्री त्याहून वेगळी आहे.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेले पेन्शनर होते, हाणामारी त्यांना नवी नव्हती. ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. पण ते घरी जाऊन स्वस्थही बसले नाहीत. हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालून १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने लागला. हात आवरला, हक्क सोडला नाही.

सातासमुद्रापलीकडे एका नीग्रो धर्मोपदेशकाने हेच केले. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसमध्ये मागे बसावे, गोरा आला की उठावे, असा दंडक होता. डिसेंबर १९५५ मध्ये तेथील काळ्या समाजाने बसवर बहिष्कार घातला. त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांच्या घरावर बाँब पडला. घरात पत्नी व तान्ही मुलगी होती. दोघी वाचल्या. हत्यारे घेऊन लोक अंगणात जमले. किंगनी ओसरीत उभे राहून त्यांना हत्यारे घेऊन घरी जायला सांगितले, शत्रूवरही प्रेम करा म्हणून सांगितले. लोक घरी गेले. मात्र बसमध्ये कोणी चढले नाही. ३८१ दिवस माणसे पायी चालली. अखेर सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो दंडक मोडला, तो १९५६ च्या डिसेंबरात, म्हणजे आपल्या नागपूरच्या दीक्षेनंतर दोन महिन्यांनी. किंगचे प्रेम येशूच्या शिकवणीतून आले होते. आपली मैत्री कोणा देवाची आज्ञा नसून मनाला लावायचे वळण आहे. हा फरक लहान नाही. पण कृती पाहिली तर दोघांची वाट एकच दिसते.

आता गावात येऊ. मारहाण होते, शिवीगाळ होते, तक्रार नोंदवली जाते. दोन दिवसांनी चार प्रतिष्ठित ओटीवर येऊन म्हणतात, "तुम्ही बुद्धाचे ना? मग क्षमा करा, प्रकरण मिटवा." या वाक्याला भुलू नका. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यामुळे आपल्यालाही लागू पडतो. साक्ष द्यावी, खरी द्यावी, तिखटमीठ लावू नये. दबावाखाली तक्रार मागे घेतली तर ती लाचारी होय. आणि खटला चालू असताना त्याच माणसाच्या घरी साप चावून कोणी पडले, तर दवाखान्यात न्यायला आधी धावावे. पोरांना हे विसंगत वाटेल. वाटू द्या, करून दाखवा.

याच डहाणू-तलासरीच्या मातीत २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस जन्मभर सावकाराचा लग्नगडी होई, बायकोही राबे. त्या दिवसापासून फुकट राबायचे नाही असे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ही हकीकत लिहिली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले.

हे सांगायचे कारण, बाबासाहेबांनी दाखविलेली श्रेणीबद्ध विषमता. तीत प्रत्येकाच्या खाली कोणी तरी ठेवलेला असतो, आणि वरचा अपमान गिळलेला माणूस तो खाली ओकतो. किंग मारले गेले ते ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस गावी. कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी ते तेथे गेले होते. नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती. आपल्यापैकी कोणाला नोकरी लागली, कोणाचे पक्के घर झाले. तुमच्या दारी मजुरीला येणाऱ्या वारली बाईला ठरलेली मजुरी वेळेवर मिळते काय? तिला पाणी देताना फळीवरचा कोणता पेला उचलला जातो? पोरे तेही पाहत असतात, आणि पुढचा प्रश्न ती त्यावरूनच विचारतील.