कारकुनाचे हसू

गेल्या दिवाळीत नातवाने आपल्या फोनवर मला एक जपानी गाणे दाखवले. गाणे असे म्हणायचे खरे, पण त्यात ऐकण्यापेक्षा पाहण्यासारखेच अधिक होते. सूट-टाय घातलेले, डोळ्यांवर चष्मे आणि केस चापूनचोपून बसवलेले सात पुरुष भर रस्त्यात, स्थानकापाशी, माणसांच्या गर्दीतून चालले आहेत. चालणे मात्र माणसाचे नाही, यंत्राचे. पाऊल उचलते, अधांतरी थांबते, मग खाली येते. सातही माना एकाच क्षणी वळतात. एकामागे एक असे ओळीने उभे राहिले की पहिल्याच्या हाताची हालचाल लाटेसारखी शेवटच्यापर्यंत जाते. चेहऱ्यावर काही नाही. सकाळी पावणेदहाला कचेरीच्या जिन्यावर जो चेहरा दिसतो तो. बाजूने जाणारे खरेखुरे टोकियोकर थबकतात, वळून पाहतात आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतात.

मी पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हाही हसलो. तिसऱ्यांदा पाहताना मात्र हसणे ओठांपर्यंत येऊन थांबले, आणि ते का थांबले याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

या मंडळीचे नाव ‘वर्ल्ड ऑर्डर’. तिचा संस्थापक गेन्की सुडो हा मूळचा मुष्टियुद्ध-कुस्तीच्या आखाड्यातला मल्ल. २००६ च्या अखेरीस त्याने आखाडा सोडला आणि २००९ मध्ये ही मंडळी उभी केली. आखाड्यात असताना तो सर्व राष्ट्रांचे झेंडे एकत्र असलेले निशाण फडकवी आणि आपण सारे एक आहोत असे त्यावर लिहिलेले असे. असा माणूस नर्तक होतो आणि त्याला वेष सुचतो तो कचेरीतल्या नोकरदाराचा! मी पाहिलेल्या गाण्याचे नाव ‘मशीन सिव्हिलायझेशन’, म्हणजे यंत्रसंस्कृती. मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार केला. त्यानंतर थोड्याच काळात ते लोकांपुढे आले. इतक्या मोठ्या शोकाच्या पार्श्वभूमीवर सात कारकून चाव्या दिलेल्या बाहुल्यांसारखे नाचतात आणि ते पाहताना कोणाला अप्रशस्त वाटत नाही, ही गोष्ट सोपी नाही.

हास्याचा विचार करू लागलो की फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ वाटेत आडवा येतोच. त्याचा हास्यावरचा ग्रंथ १९०० सालचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जिवंत माणूस जेथे यंत्रासारखा वागू लागतो तेथे आपल्याला हसू येते. हसणे ही समाजाने त्या ताठरपणाला दिलेली सौम्य शिक्षा असते आणि ती देताना हृदय क्षणभर बधिर करावे लागते. या कसोटीला हे गाणे इतके तंतोतंत उतरते की बर्गसाँला पुढे ठेवूनच ते बसवले असावे असे वाटते. पण माझी अडचण येथूनच सुरू होते. केळीच्या सालीवरून घसरणारा माणूस आपल्या बेसावधपणाने घसरतो, तेव्हा त्याला हसून सावध करणे समजू शकते. कचेरीतला माणूस ताठर होतो तो मात्र बेसावधपणाने नव्हे. तसे होण्याचाच त्याला पगार मिळतो. ठरलेल्या वेळी येणे, ठरलेल्या नमुन्यात लिहिणे, ठरलेल्या ठिकाणी मान लववणे, हा करार आहे. मग ज्या गोष्टीसाठी एक हात त्याला महिन्याचे पैसे मोजतो, त्याच गोष्टीसाठी दुसऱ्या हाताने त्याला हास्याची छडी मारायची, हा कोणता न्याय?

हा प्रश्न आपल्यासारख्यांना परका नाही. ‘कारकून’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ काम करणारा, एवढाच, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावांतच कचेरी ठाण मांडून बसली आहे. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस ही नावे उच्चारताना मागचा ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, हे आपण विसरून गेलो आहोत. आपण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या सुरतेचा या व्यवसायाशी संबंध तर आणखी जुना. १६१३ मध्ये इंग्रजांची वखार येथे स्थिरावली, आणि पुढे कंपनीच्या नोकरीची जी उतरंड बनली तिच्यातल्या खालच्या पायरीवरच्या गोऱ्या पोराचे पदनाम होते ‘रायटर’. त्याने वर्षानुवर्षे नकला उतरवाव्यात, हिशेब लिहावेत आणि मग फॅक्टर, मग मर्चंट व्हावे. पुढे ज्यांनी राज्य केले त्यांचीही सुरुवात लेखणी घासण्यातच झाली. माझे आजोबा गायकवाडांच्या नवसारी प्रांतात कारकुनीसाठी आले ते याच जातकुळीतले. फरक इतकाच की त्यांची पायरी कधी बदलली नाही.

मराठीने या माणसाला हसण्याची उत्तम सोय पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’मध्ये केली. आमच्या घरात त्याची ध्वनिफीत इतक्या वेळा लागली की ती पुढेपुढे खरखरू लागली होती. त्यातला धोंडो भिकाजी जोशी हा मुंबईतला एक साधा नोकरदार. त्याची फजिती घरात होते, कचेरीत होते, काळ बदलला म्हणूनही होते. पण ‘तो’ अशी फजिती पावला असे पु.लं.नी लिहिले नाही. त्यांनी ‘मी’ लिहिले. पुढे रंगमंचावर एकट्याने उभे राहून ते हा प्रयोग करीत, तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर बसलेले बहुतेकजण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कचेऱ्यांत जाणारे होते. येथे छडी मारणारा आणि छडी खाणारा यांच्यात अंतरच उरत नाही. बर्गसाँची बधिरता येथे लागू पडत नाही, हे मी माझ्या घरातल्या खरखरत्या फितीवरून सांगू शकतो. आम्ही धोंडोपंताला हसत होतो, पण हृदय जागे ठेवून.

सुडोच्या मंडळीचेही असेच आहे, फक्त वाट वेगळी. माणसाने यंत्रासारखे दिसणे सोपे वाटते, पण ते करून पाहावे. मी आरशासमोर नातवाच्या आग्रहास्तव करून पाहिले आणि कंबर धरून बसलो. इतके निर्जीव दिसण्यासाठी देह विलक्षण जिवंत असावा लागतो. स्नायू न्‌ स्नायू ताब्यात असावा लागतो. म्हणजे त्या सातजणांत ताठर कोणी नाही. ताठर आहोत ते बाजूने जाणारे आणि पाहणारे. त्यांनी स्वेच्छेने यंत्राचे सोंग घेतले म्हणून आपल्या अंगावर नकळत चढलेले सोंग आपल्याला दिसले. तिसऱ्या वेळी माझे हसू थांबले ते बहुधा याच ठिकाणी.

जपानात या परंपरेचा एक पूर्वज आहे आणि त्याची हकीकत मला या गाण्याहूनही मोलाची वाटते. १९६१ मध्ये ‘क्रेझी कॅट्स’ या विनोदी वाद्यवृंदातील हितोशी उएकी या गायकाने ‘सूदारा बुशी’ नावाचे गाणे गायिले. नायक एक पगारदार माणूस. दारू अंमळ जास्त होते, घोड्यांच्या शर्यतीत पैसे जातात, आणि प्रत्येक कडव्याअंती त्याचे रडगाणे एकच. आपल्या भाषेत सांगायचे तर, कळते पण वळत नाही. गाणे देशभर गाजले. पुढच्याच वर्षी बेजबाबदार नोकरदाराच्या भूमिकेतला त्याचा चित्रपटही तुफान चालला. गंमत अशी की उएकी स्वतः अत्यंत गंभीर, दारूला न शिवणारा माणूस. हे थिल्लर गाणे गावे की न गावे या विवंचनेत तो वडिलांकडे गेला. वडील बौद्ध धर्मोपदेशक होते, तेराव्या शतकातील शिनरान या संताच्या पंथाचे. भेदभावाला आणि युद्धाला विरोध केल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगलेला होता. असा करारी बाप मुलाला काय सांगेल, हे आपण गृहीतच धरतो. त्यांनी सांगितले ते उलटेच. या गाण्याचे पालुपद शिनरानच्या शिकवणीशी जुळणारे आहे, तेव्हा निश्चिंतपणे गा.

शिनरानचे सांगणे असे होते की, माणूस स्वतःच्या बळावर शुद्ध होऊ शकत नाही. आपण मूढ आहोत हे ओळखून अमिताभ बुद्धाच्या करुणेवर भार टाकावा. म्हणजे वडिलांनी त्या विदूषकी गाण्यात निर्लज्जपणा पाहिला नाही, कबुली पाहिली. माणूस इच्छा नसतानाही पापाकडे का ओढला जातो, हा अर्जुनाने कृष्णाला विचारलेला प्रश्न आपल्याकडे आहेच. धर्म जाणूनही तो आचरता येत नाही, ही परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातलेली कबुलीही आहे. पण दुर्योधन ती देताना हृदयात बसलेल्या कोण्या देवाकडे बोट दाखवतो आणि मोकळा होतो. उएकीचा नोकरदार कोणाकडेच बोट दाखवत नाही. तो आपल्याच छातीवर हात ठेवून हसतो. मला दोघांत तो अधिक प्रामाणिक वाटतो. (जाता जाता, त्या गाण्याचा गीतकार युकिओ आओशिमा १९९५ मध्ये टोकियोचा राज्यपाल झाला आणि आपला सुडो २०१९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला. कचेरीला हसणाऱ्यांना जपान मोठ्या कचेरीत नेऊन बसवतो, असे दिसते.)

तथापि येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो मला टाळता येत नाही. ज्या देशाने ही हसरी गाणी दिली त्याच देशाने ‘कारोशी’ हा शब्दही दिला. अतिश्रमाने येणारा मृत्यू, असा त्याचा अर्थ. २०१४ मध्ये तो टाळण्यासाठी जपानला कायदा करावा लागला. मग पन्नास वर्षांच्या त्या हास्याने काय साधले? रात्री हसून मन हलके झालेला माणूस सकाळी पुन्हा त्याच गाडीत चढला असेल, तर हसू हे त्या यंत्राचे वंगणच ठरले. करकरणारे चाक थांबले तरी असते! कळते पण वळत नाही असे एकदा हसून म्हटले की वळण्याची टोचणी बोथट होते, हा धोका खराच आहे. शिनरानच्या हयातीतही त्याच्या काही अनुयायांनी त्याच्या शिकवणीचा असा सोयीस्कर अर्थ काढला होता आणि त्याला त्यांना खडसवावे लागले होते.

मग न हसता वळून दाखवणाऱ्याकडे पाहावे. आपल्या सुरतेचा नर्मद. १८५८ मध्ये त्याने शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे केवळ लेखणीच्या आधारे जगण्याचा निश्चय केला. सुमारे चोवीस वर्षे त्याने तो पाळला. कर्ज, अपमान, एकटेपणा सारे सोसले. १८८२ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल यांच्या धर्मादाय संस्थेत त्याला अखेर नोकरी धरावी लागली आणि १८८६ मध्ये तो गेला. आज आपल्या विद्यापीठाला त्याचे नाव आहे ते त्या चोवीस वर्षांसाठी. पण मला राहून राहून त्या शेवटच्या चार वर्षांचे कुतूहल वाटते. त्या काळात रोज कामावर जाताना हा मानी माणूस स्वतःशी कधी हसला असेल का? हसू शकला असता तर ती वर्षे थोडी सुसह्य झाली असती, असे मी म्हणतो. आणि म्हणताक्षणी मला जाणवते की मी पुन्हा वंगणाचीच वकिली करतो आहे.

हा वाद मी तत्त्वांच्या पातळीवर मिटवू शकत नाही, कारण तो माझ्याकडे तत्त्वांच्या वाटेने आलेलाच नाही.

माझे वडील येथल्या एका कचेरीत वरिष्ठ कारकून होते. मी नववीत असताना ते एकदा चष्मा घरी विसरले आणि आईने तो देऊन मला पिटाळले. त्या दिवशी मी त्यांना मोटासाहेबांच्या खोलीत शिरताना पाहिले. त्यांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले, फाइल छातीशी धरली, घसा खाकरला, आणि झुलत्या दाराला कोपराने ढकलून ते अंग चोरून आत गेले. घरात ज्यांच्या पावलांच्या आवाजाने आम्ही भावंडे पुस्तके उघडत असू, ते हेच गृहस्थ. त्या वर्षी गणेशोत्सवातल्या करमणुकीच्या कार्यक्रमात मी हीच नक्कल केली. बटण, फाइल, खाकरणे, कोपर, सारे काही. मंडप हास्याने दणाणला. वडिलांचे कचेरीतले स्नेही तर मांड्या थोपटीत होते. वडील तिसऱ्या रांगेत होते आणि तेही डोळे पुसत हसत होते. मला बक्षीस म्हणून शाईचे पेन मिळाले.

मी कशाला हसवले, हे मला तेव्हा कळत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. चांगले कळत होते. दाराआड अंग चोरणारा माणूस पाहून मला जी लाज वाटली होती, ती मी चारशे लोकांत वाटून टाकली. पु.ल. ‘मी’ म्हणाले होते, मी ‘तो’ म्हणालो. आणि तो ‘तो’ माझे शाळेचे शुल्क भरत होता.

घरी परतताना चौकबाजारापर्यंत कोणी काही बोलले नाही. मग वडील म्हणाले, “नक्कल चांगली झाली रे. पण मी तीनदा खाकरतो, तू दोनदाच खाकरलास.” आई हसली. मीही हसलो. त्यांनी मला क्षमा केली होती, की ‘तो’चा ‘मी’ करून त्या नकलेची मालकी स्वतःकडे घेतली होती, की नुसतीच एक चूक दुरुस्त केली होती? कारकुनाला नकलेतली चूक खपत नाही. याचे उत्तर त्यांच्याकडून मी कधी मागितले नाही, आणि आता मागण्याची वेळ गेली.

एवढेच ठाऊक आहे की त्यानंतर ते आणखी सोळा वर्षे त्याच कचेरीत जात राहिले, आणि घरात मात्र त्यांचे खाकरणे आम्हाला पुन्हा कधी ऐकू आले नाही. सर्दी झाली तरी ते मागीलदारी जात.