पराभवाचा उच्चार : लहरी सत्ता आणि शब्दाचे दायित्व

निवडणुकीतील पराभव ही मोजणीतून सिद्ध होणारी वस्तुस्थिती असते. पराभवाची मान्यता ही मात्र कृती असते. मतांची बेरीज पुरी झाली की पराभव घडून गेलेला असतो, आणि तरीही पराभूताने तो स्वमुखाने उच्चारल्याखेरीज सत्तांतर अपुरे वाटत राहते. हा उच्चार वस्तुस्थितीत कसलीच भर घालीत नाही; मग त्याची गरज का भासावी? आणि ज्याचा शब्द कालपर्यंत कोणत्याच नियमाला बांधलेला नव्हता, अशा लहरी सत्ताधीशाने तो उच्चारला, तर त्याचे मोल काय धरावे? पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या लहानशा देशात २०१६च्या डिसेंबरात जे घडले, त्याच्या आधारे हा प्रश्न काहीसा नेमकेपणाने मांडता येतो.

याह्या जामेह यांनी १९९४मध्ये लष्करी उठावाने सत्ता हस्तगत केली आणि बावीस वर्षे ती उपभोगली. २००७मध्ये त्यांनी एड्सवर आपल्यापाशी वनौषधींचा उपाय असल्याचे घोषित केले. २०११मध्ये, ईश्वराची इच्छा असल्यास आपण अब्ज वर्षे राज्य करू, असे ते म्हणाले. २०१५च्या अखेरीस त्यांनी देशाला इस्लामी प्रजासत्ताक ठरवून टाकले. १ डिसेंबर २०१६ रोजी मतदान झाले. तेथे मतदार उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात काचेची गोटी टाकतो आणि आत घंटा वाजते. निरक्षर मतदारांसाठी १९६०च्या दशकात रूढ झालेली ही पद्धत. या पद्धतीत लबाडीला वाव नाही, अशी ग्वाही खुद्द जामेह देत असत. दुसऱ्या दिवशी अदामा बॅरो विजयी झाल्याचे जाहीर झाले. जामेह यांनी दूरचित्रवाणीवर बॅरो यांना दूरध्वनी करून हसत हसत अभिनंदन केले आणि कानिलाई या आपल्या गावी जाऊन शेती करण्याची भाषा केली. ९ डिसेंबरला त्याच दूरचित्रवाणीवरून त्यांनी तो निकाल समूळ फेटाळला.

या आठवड्याचा अन्वय स्वभावदोषाच्या आधारे लावणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. लहर हा केवळ मनाचा विकार नसतो. अनियंत्रित सत्तेचे ते एक साधनही असते. शासिताला उद्याचा अदमास येऊ नये आणि शासकाला आपल्याच कालच्या शब्दाचा जाब द्यावा लागू नये, ही दोन्ही कार्ये लहर एकाच वेळी साधते. असा शासक आज्ञा देऊ शकतो, कारण आज्ञेला केवळ वर्तमानकाळ पुरतो. वचन देण्याची त्याची क्षमता मात्र क्षीण होत जाते, कारण वचनाचा सारा अर्थ भविष्यकाळात असतो. जे. एल. ऑस्टिन यांनी वाक्कृतींचा विचार करताना दाखवून दिले की, उच्चारापाशी अशी कृती पुरी होत नाही. तिला अनुरूप असे नंतरचे वर्तनही तिच्या साफल्याची अट असते. पराभवाची मान्यता व्याकरणदृष्ट्या विधान दिसते, परंतु व्यापाराने ती वचन असते : यापुढे आज्ञा देणारा मी नव्हे. शेक्सपिअरच्या लिअरची चूक हीच होती. त्याने शब्दाने राज्य दिले, पण राजेपणाचे नाव आणि शंभर सरदार स्वतःकडे ठेवले. म्हणजे दानाचा उच्चार केला आणि त्या उच्चाराचे परिणाम आपल्या मर्जीत राहतील, असे गृहीत धरले.

त्या आठवड्यात आणखी दोन उच्चार झाले. ५ डिसेंबरला निवडणूक आयोगाने बेरजेतील चूक मान्य करून सुधारित आकडे दिले : बॅरो २,२७,७०८, जामेह २,०८,४८७. आधी सुमारे एक्कावन्न हजारांचे दिसलेले मताधिक्य १९,२२१वर आले. विजेता बदलला नाही. ही दुरुस्ती प्रामाणिकपणाची खूण होती, पण शब्द मागे घेऊ पाहणाऱ्याला तीच निमित्त म्हणून उपयोगी पडली. त्याच सुमारास विरोधी आघाडीच्या नेत्या फातुमाता तांबाजांग यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले की, जामेह यांच्यावर वर्षभरात खटला भरला जाईल. हे बोलणे अविचाराचे होते, अशी टीका पुढे झाली. नैतिक पेच खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

हाना आरेंट यांनी मानवी कृतीच्या दोन दुर्बलतांवर दोन उपाय सांगितले. कृतीचे भविष्य अनिश्चित असते, त्यावर वचन. कृती परत घेता येत नाही, त्यावर क्षमा. सत्तांतराला हे दोन्ही हवे असतात, असे म्हणता येईल : पराभूताकडून वचन आणि विजेत्याकडून, उघड नसली तरी ध्वनित, क्षमा. परंतु क्षमेचा अधिकार कोणाचा? २०००च्या एप्रिलमध्ये निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. २००४मध्ये पत्रकार देदा हैदारा यांची हत्या झाली. निवडणुकीच्या वर्षातच विरोधी कार्यकर्ते सोलो सांदेंग कोठडीत मरण पावले. विजयी उमेदवार या मृतांचा वारस नसतो. मते मिळाली म्हणून त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याला प्राप्त होत नाही. तांबाजांग यांचे विधान अकाली असेल, असत्य नव्हते; आणि शांततेसाठी खोटे अभय देणे हे लहरी सत्तेची भाषा पुढे चालवण्यासारखेच झाले असते. त्या शासकाचा शब्द ज्या कारणाने निरर्थक झाला होता, त्याच कारणाने नव्या शासनाचा पहिलाच शब्दही निरर्थक ठरला असता. मौन हा तिसरा मार्ग होता. पण मौनाची सोय ज्यांना आहे ते, आणि ज्यांची माणसे परत आली नाहीत ते, यांना एकाच मापाने तोलता येत नाही.

मग २ डिसेंबरचा तो उच्चार वाया गेला काय? तसे म्हणता येत नाही. वाक्कृती श्रोत्याने ग्रहण केल्यावर केवळ वक्त्याची राहत नाही. जामेह यांचे वचन मनापासूनचे होते की क्षणिक, हा प्रश्न त्यांच्यापुरता खरा. लोकांनी मात्र ते वचन म्हणूनच घेतले. ‘गांबियाने निर्णय दिला आहे’ ही घोषणा लोकांनी सदऱ्यांवर छापली. निकाल रद्द करून घेण्यासाठी जामेह सर्वोच्च न्यायालयाकडे वळले, तेव्हा त्यांच्याच कारकिर्दीत न्यायमूर्तींच्या जागा रिकाम्या राहिल्याने सुनावणीपुरतेही न्यायपीठ उभे राहू शकले नाही. संस्था मोडणाऱ्याला संस्थेची गरज पडली आणि ती सापडली नाही. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांनी डाकार येथील गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या फौजा सीमा ओलांडून आल्या. २१ जानेवारीला जामेह देश सोडून इक्वेटोरियल गिनीला गेले.

येथे एक आक्षेप रास्त आहे : अखेरीस काम केले ते फौजांनी, शब्दाने नव्हे. बळाशिवाय जामेह गेले नसते, हे मान्य करावेच लागेल. तथापि शेजारी राष्ट्रांच्या बळाला आक्रमणाऐवजी अंमलबजावणीचे स्वरूप आले, ते आधी जाहीर झालेल्या निकालामुळे. आणि तो निकाल वादग्रस्त म्हणण्याची वाट त्या निकालाचे अभिनंदन करणाऱ्यानेच बंद केलेली होती. लहरीने उच्चारलेले सत्य लहरीने मागे घेता येत नाही, कारण तोवर ते इतरांच्या हाती गेलेले असते.

पराभवाच्या मान्यतेचे मोल म्हणून वक्त्याच्या अंतःकरणात शोधू नये. ते शोधावे तो शब्द धरून ठेवणाऱ्या समाजाच्या क्षमतेत. त्याचबरोबर या मान्यतेची मर्यादाही ओळखली पाहिजे : तिने सत्ता सोडता येते, दायित्वातून सुटका विकत घेता येत नाही. गांबियातील सत्यशोधन आयोगापुढे २०१९ ते २०२१ या काळात पीडितांनी आणि मारेकऱ्यांनीही जाहीर साक्षी दिल्या. बावीस वर्षे एकाच माणसाच्या बोलण्यापुढे ज्यांनी गप्प राहायचे होते, त्यांचे बोलणे तेव्हा शपथेवर नोंदले गेले. पराभूताच्या दूरध्वनीने जे अर्धे राहिले होते, त्याचा उरलेला भाग त्या साक्षींत होता.