पाचवं स्टेशन

आमचा पुतण्या शिकायला जर्मनीत आहे. म्हणजे त्याच्या आईवडिलांचं तसं म्हणणं आहे. आम्हांला जे फोटो येतात त्यांवरून तो बहुधा फिरण्याच्या विषयात पदवी घेत असावा. परवाच्या सुट्टीत तो आणि त्याचे तीन मित्र पाठीला पिशव्या लावून भूमध्य समुद्राच्या काठाने निघाले आणि नऊ दिवसांत रोम, नेपल्स, पाँपेई आणि अथेन्स उरकून आले. ‘उरकून’ हा शब्द माझा. प्रत्येक फोटोत पुतण्या पुढे आणि इतिहास मागे! कलोसियम डाव्या खांद्यावर, पार्थेनॉन उजव्या कानामागे.

“अरे, हे पाहणं की हजेरी लावणं?” असा एक खोचक प्रश्न मी तयार करून ठेवला होता. वडीलधाऱ्यांजवळ असे प्रश्न कायम शिल्लक असावेत. पैसे नसले तरी चालतात.

पण सहलीच्या मधल्याच एका दिवशी नेपल्सहून त्याचाच फोन आला.

“काका, इथल्या म्युझियममध्ये एक हस्तिदंती बाई आहे. वीतभर उंचीची. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हिसूव्हियस फुटला आणि सगळं गाव राखेखाली गेलं ना, त्याच्या आधीच ती तिथे पोचलेली. आणि ती चक्क आपल्याकडची आहे! तेरला आणि भोकरदनला अशाच मूर्ती सापडल्यात. काका, त्या काळात कल्याण मोठं बंदर होतं ना? काय काय आहे तिथे जुनं?”

मी जन्मापासून डोंबिवलीकर. कल्याण दोन स्टेशनांवर. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “कल्याणला... जंक्शन आहे.”

पलीकडे शांतता पसरली. हल्ली असे फोन फुकट असतात म्हणून बरं. नाहीतर ती शांतता फार महागात पडली असती.

त्या रात्री लाजेकाजेस्तव मी पुस्तकं काढून बसलो. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या दर्यावर्दी माणसाने ‘पेरिप्लस’ नावाचं एक टिपण लिहून ठेवलंय. त्यात सोपारा आहे, कल्याणही आहे. तो म्हणतो, कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण राजवट बदलली आणि आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात थेट भडोचला धाडतात. वाचून मला त्या खलाशांबद्दल एकदम आपुलकी वाटली. कल्याणला उतरायचं म्हणून बसावं आणि गाडीने थेट पुढे न्यावं, हा अनुभव दोन हजार वर्षांचा आहे तर! पुढे वाचलं, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं दगडात कोरलेली आहेत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि तिथल्या खाडीवर आरमाराचा श्रीगणेशा केला. १८५४ साली कल्याणला आगगाडी पोचली. तेव्हापासून आम्ही कल्याणकडे बघतो ते फक्त वेळापत्रकात.

आणि अंबरनाथचं शिवमंदिर! शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहारांचं. डोंबिवलीहून पाचवं स्टेशन. माझा अंबरनाथशी संबंध एवढाच, की संध्याकाळी घरी परतताना अंबरनाथ लोकलमध्ये शिरलो की आतली मंडळी “तुम्हांला डोंबिवली गाडी नव्हती का?” अशा नजरेने बघतात. 

आता प्रश्न असा, की जवळचं न पाहणं हा काही गुन्हा आहे का?

माझ्यातला वकील लगेच उभा राहिला. म्हणाला, मुळीच नाही. सवय ही देवाची दया आहे. रोज दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे माणूस थक्क होऊन उभा राहिला, तर आठ-बाराची लोकल कोण पकडणार? शिवाय ते देऊळ साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ माझ्यावाचून उभं आहेच की. मी न पाहिल्याने त्याचं काय बिघडलं?

युक्तिवाद मला पटला. हिला पटला नाही. “तीस वर्षं ‘पुढच्या रविवारी’ ऐकतेय,” ती म्हणाली, आणि तिने डब्यात पोळीभाजी भरली.

देऊळ पाहून मी खरोखर गप्प झालो. काळ्या दगडावर जागा म्हणून रिकामी नाही. माणसं, देव, हत्ती, नर्तकी एकमेकांना खेटून उभे, जणू सकाळच्या गाडीचा डबा, पण कुणाच्याच चेहऱ्यावर वैताग नाही. आणि शेजारून वालधुनी वाहते. ‘वाहते’ हे शाळेच्या भूगोलापुरतं. कारखान्यांचं आणि वस्त्यांचं पाणी पोटात घेऊन तिचा काळा नाला झालाय. तिच्या काठाने येणाऱ्याजाणाऱ्यांचे रुमाल नाकाला होते. माझाही गेला. माणूस नाकाला रुमाल लावतो तेव्हा डोळेही हळूच मिटून घेतो.

तिथे माझ्या वकिलाची पंचाईत झाली. देवळाचं माझ्यावाचून बिघडलं नसेल, नदीचं बिघडलं. मी तिच्यात काहीच ओतलं नव्हतं. मी फक्त बघितलं नव्हतं. पण माझ्यासारख्या लाखोंनी वर्षानुवर्षं न बघितल्यावर ज्याला काही ओतायचं असतं त्याला रात्र होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. पाहुण्याची नजर पडते ती खोली आपण झाडतो. जिथे कुणीच बघत नाही तिथे अडगळ साठते. तेव्हा न पाहणं हे वाटतं तितकं निरुपद्रवी नव्हे.

आणि ज्याला मी ‘हजेरी लावतो’ म्हणून हसत होतो, त्या पोराने परक्या गावात एका वीतभर बाईपुढे थांबून “ही इथे कशी आली?” असं विचारलं होतं. पाहणं म्हणतात ते बहुधा हेच. मग मागच्या फोटोत पुढे कोण उभं आहे याला फारसं महत्त्व उरत नाही.

गाभारा खाली आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून जावं लागतं. मी भराभर उतरलो. वळून पाहिलं तर ही भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरत होती, आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा.

“गुडघा?” मी विचारलं. “कधीपासून?”

“झाली की दोन वर्षं.”

“मला बोलली नाहीस!”

“अहो, घरात रोज तुमच्यासमोरून तर चालते,” ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे; गाडीची वेळ सांगावी तसं.

मी परत वर चढलो आणि हात पुढे केला.

पुतण्याला रात्री फोन करून देवळाचं सगळं वर्णन सांगितलं. “काका, फोटो पाठवा ना!” म्हणाला. पाठवला. त्यात ही पुढे आहे आणि इतिहास मागे.

पुढच्या रविवारी दुर्गाडी किल्ला. पण त्याआधी, उद्या, हाडांचे डॉक्टर. ते तर आमच्याच गल्लीत बसतात. पाटी इतक्या वर्षांत मी आज पहिल्यांदा वाचली.