वाट सांगावी का?

बेळगावकरांना रविवारी सकाळी पायी फिरायला कुठे जावे, असा प्रश्न खरे तर पडू नये. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, येळ्ळूरचा राजहंसगड आहे. थोडी तंगडतोड करायची तयारी असेल तर चंदगड तालुक्यात देवरवाडीचे वैजनाथ आणि वरचा महिपाळगड आहे. दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल इतक्या या वाटा जवळच्या. तरीही त्यांतली कोणती निवडावी, हे मला अलीकडे अवघड वाटू लागले आहे. आणि त्याहून अवघड म्हणजे, निवडलेली वाट दुसऱ्याला सांगावी का?

कारण घडले ते असे. राजहंसगडावर गाडीरस्ता जातो. पण एका अंगाने शेतांच्या बांधांवरून, मग गवताळ उतारावरून चढणारी एक पायवाटही आहे. कोणत्या अंगाने, ते सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. मी नवखा शिक्षक असताना गुरे राखणाऱ्या एका वृद्धाने ती मला दाखवली आणि शेताच्या मालकाशी ओळख करून दिली. पुढे दरवर्षी भाताची सुगी आटोपली की नववीची मुले घेऊन मी त्या वाटेने जाई. जाताना मालकाला हाक मारायची, मसूर पेरलेला असेल तर बांधावरून एकामागून एक चालायचे, नेलेला कचरा परत आणायचा, एवढाच आमचा शिरस्ता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, अगदी चांगल्या हेतूने, त्या वाटेचे चित्रण मोबाइलवरून सर्वदूर पाठवले. पुढच्या पावसाळ्यात रविवारी तिथे मोटारसायकलींची रांग लागू लागली. भिजलेला बांध पायांखाली खचला आणि भातातले पाणी खालच्या शेतात उतरले. दिवाळीच्या आधी मी गेलो तर वाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकलेली. मालक म्हणाले, "सर, तुमी येत होतासा तवा ही वाट होती. आता हिचा रस्ता झालाय बघा. तुमाला नको म्हणवत नाही. पण तुमच्या मागनं येणाऱ्यांना मी कुठं कुठं अडवू?"

"खरं आहे, मामा," एवढेच मी म्हणू शकलो.

त्या विद्यार्थ्याला मी बोलावून घेतले. तो म्हणाला, "सर, चांगलं असेल ते एकट्यानं भोगू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?" हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नव्हता. त्या गुराख्याने वाट लपवली असती तर मला ती कधीच मिळाली नसती. गोनीदांसारख्यांनी गडांविषयी लिहिलेच नसते तर कितीतरी मराठी तरुण गडांकडे वळलेच नसते. वाट लपवणे म्हणजे डोंगर चार जुन्या पायांची मिरास करणे. इंग्लंडमध्ये 1932 साली किंडर स्काउट या डोंगरपठारावर चालण्याच्या हक्कासाठी शेकडो कामगार तरुण मालकांची बंदी मोडून चढले आणि त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. त्यांच्या बाजूने माझे मन आजही उभे राहते.

परंतु तिथे समोर शिकारीसाठी डोंगर राखून ठेवणारे जमीनदार होते; इथे एका बांधावर वर्षाचे पोट असलेला शेतकरी आहे. आपल्याकडच्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात एक मार्मिक भेद आहे. उघडपणे, विनातक्रार आणि हक्काने 20 वर्षे अखंड वहिवाट केली तर दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळू शकतो. पण परवानगी मागून चालणाऱ्याला तो मिळत नाही. तो किती वर्षे चालला तरी पाहुणाच राहतो. कायद्याच्या दृष्टीने ही उणीव असेल. मला मात्र फिरणाऱ्याचे खरे नाते यातच दिसते. आपण पाहुणे आहोत हे ज्याला आठवते, त्याचे पाऊल आपोआप हलके पडते.

मातीचाही न्याय असाच आहे. पावलांनी दबलेली जमीन पाणी पीत नाही. पाणी वरून वाहू लागते. वळणाची वाट सोडून कुणी सरळ उतारावरून आडवाट काढली की पहिल्या पावसात तिची घळ होते. दहा माणसांना पेलणारी वाट हजारांना पेलत नाही. मग त्या हजारांतला प्रत्येक जण सज्जन असला तरी!

मराठीत 'वाट दाखवणे' आणि 'वाट लावणे' हे दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी नांदतात. माझ्या विद्यार्थ्याची चूक वाट दुसऱ्याला दिली ही नव्हती. त्याने वाट दिली, पण तिच्याबरोबरचे बंधन दिले नाही. गुराख्याने मला वाट सांगितली नव्हती, चालून दाखवली होती. मालकाला हाक कुठे द्यायची, बांध कुठे कच्चा आहे, पावसात कुठे जाऊ नये, हे सारे त्या चालण्यात आले होते. चित्रणात फक्त वाट दिसते.

म्हणून माझ्यापुरता मी निर्णय केला आहे. अनोळखी माणसाने विचारले तर गडाचा गाडीरस्ता सांगतो. तो बहुतांना पेलणारा आहे. पायवाट हवी असेल त्याला म्हणतो, "रविवारी या, बरोबर जाऊ." याने वाट फार थोड्यांपर्यंत पोचेल, हे मान्य आहे. काहींवर त्यात अन्यायही होईल. पण ज्याचा बांध फुटतो त्याच्यावर होणाऱ्या अन्यायापेक्षा तो लहान आहे.

गेल्या मार्गशीर्षात तो विद्यार्थी आणि मी कुदळ-पाटी घेऊन दोन रविवार बांधाला माती लावायला गेलो. काम झाल्यावर मालकांनी स्वतः फांदी बाजूला ओढून आम्हाला गडाकडे जाऊ दिले. आम्ही पलीकडे गेल्यावर ती पुन्हा जागेवर ठेवली. विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले. मला त्यात अपमान वाटला नाही. परतताना आम्ही हाक मारली आणि ती उघडेपर्यंत उभे राहिलो.